विश्लेषण : ‘सीपॅप’चा मास्क मध्यरात्रीनंतर का निघतो?

रात्री साडेदहाला नीट बांधलेला मास्क सकाळी उशीखाली किंवा पलंगाच्या कडेला सापडतो. तो कधी काढला, हे काढणाऱ्याला आठवत नाही. घरच्यांना मात्र पहाटे पुन्हा सुरू झालेले घोरणे ऐकू आलेले असते. ‘स्लीप ॲप्निया’साठी सीपॅप यंत्र घेतलेल्या असंख्य घरांतील हा अनुभव आहे. काही महिने असेच गेले की यंत्र कपाटात जाते आणि आजार तसाच राहतो. मास्क रात्रभर का टिकत नाही, पहाटेचे तीन-चार तास सुटल्याने काय बिघडते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

आजार किती पसरलेला आहे?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वसनमार्ग वारंवार बंद होतो, त्याला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणजेच ओएसए म्हणतात. श्वास किमान दहा सेकंद अडतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू झोपणाऱ्याला क्षणभर जागे करतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच चक्र. तासाला अशा ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० पेक्षा जास्त म्हणजे तीव्र आजार.

मुंबईतील ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांवर डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आढळला. त्यासोबत दिवसाची झोपाळूपणाची लक्षणेही असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार सुमारे १०.४ कोटी भारतीयांना ओएसए असावा. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच आजाराचा उल्लेख होता. तोपर्यंत अनेकांनी हे नावही ऐकलेले नव्हते.

सीपॅप नेमके काय करते?

सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, ठरावीक दाबाने नळीतून नाकात सोडते. हा दाब घशाच्या सैल भिंतींना आतून आधार देतो आणि मार्ग उघडा राहतो. फुग्यात हवा असेपर्यंत त्याच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, तसेच हे. दाब साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. कोणाला किती लागेल, हे स्लीप स्टडीवरून किंवा दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ‘ऑटो’ यंत्राच्या नोंदींवरून ठरते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये हा प्रयोग केला. तोवर तीव्र ओएसएवर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता. सलिव्हन यांच्या पहिल्या पाच रुग्णांचा अहवाल १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. चार दशकांत यंत्र लहान आणि शांत झाले. मात्र ते लावून झोपावे लागते, ही अट बदललेली नाही. गोळी घेतली की तिचे काम ती करते. सीपॅपचा परिणाम मास्क चेहऱ्यावर असेपर्यंतच असतो.

‘चार तास’ हा निकष कुठून आला?

सीपॅप वापरणाऱ्यांना ‘रोज किमान चार तास तरी लावा’ असे सांगितले जाते. अमेरिकेत १९९३ मध्ये संशोधकांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत वापर मोजणारी उपकरणे बसवली. किमान ७० टक्के दिवस, किमान चार तास वापर करणारे केवळ ४६ टक्के निघाले. रुग्ण स्वतः सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी होता. पुढे अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने यंत्राचा खर्च देण्यासाठी जवळपास हीच अट घातली आणि चार तासांचा आकडा जगभर रूढ झाला.

याचा अर्थ चार तास पुरेसे आहेत, असा नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की दिवसाची झोप येण्याची भावना चार तासांच्या वापराने बऱ्याच जणांत कमी होते. प्रयोगशाळेत मोजलेली झोपाळूपणाची पातळी सुधारायला सहा तास लागतात आणि रोजची कामे नेहमीसारखी होण्यासाठी साडेसात तासांपर्यंतचा वापर उपयोगी पडतो. चार तास हा पास होण्याचा गुण आहे. झोप सात तासांची असेल, तर यंत्रही सात तासच हवे.

हृदयाबाबतही हाच मुद्दा पुढे आला. भारतासह सात देशांतील २,७१७ हृदय व मेंदूविकाराच्या रुग्णांवर झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सीपॅपने हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. मात्र या रुग्णांचा सरासरी वापर रात्री अवघा ३.३ तास होता. २०२३ मध्ये अशा तीन चाचण्यांतील आकडेवारी एकत्र तपासली गेली. तेव्हा चार तास किंवा अधिक वापर करणाऱ्यांत पुन्हा झटका येण्याचा धोका कमी आढळला. नियमित वापर करणारे लोक औषध-पथ्याबाबतही काटेकोर असू शकतात, त्यामुळे हा निष्कर्ष अंतिम पुरावा मानता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

पहाटेचे तास महत्त्वाचे का?

झोप रात्रभर एकसारखी नसते. पहिल्या तासांत गाढ झोप जास्त असते, तर स्वप्नांची ‘रेम’ झोप रात्रीच्या शेवटच्या भागात वाढत जाते. या रेम अवस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडतात, जीभ आणि घशाचेही. त्यामुळे अनेकांचा श्वासरोध याच वेळी सर्वाधिक लांबतो आणि ऑक्सिजनही जास्त खाली जातो. अकरा वाजता लावलेला मास्क तीनला निघाला, तर ‘चार तास’ कागदावर पूर्ण होतात, पण ज्या वेळी यंत्राची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ते चेहऱ्यावर नसते. ‘मशीन लावतो तरी सकाळी डोके जड का?’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

अमेरिकेतील ‘विस्कॉन्सिन स्लीप कोहोर्ट’ या दीर्घकालीन पाहणीत रेम झोपेतील श्वासरोधाचा संबंध उच्च रक्तदाबाशी आढळला. २००५ मधील एका अभ्यासात अचानक हृदय बंद पडून मृत्यू झालेल्या ११२ जणांच्या जुन्या स्लीप स्टडी तपासण्यात आल्या. ओएसए असलेल्यांपैकी ४६ टक्के मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत झाले होते. ओएसए नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. एका रात्री मास्क निघाल्याने घाबरण्याचे कारण नाही, मात्र रोजच निघत असेल, तर ‘निम्मी रात्र तर लावतो’ हे समाधान अपुरे आहे.

झोपेत मास्क कोण काढतो?

रुग्ण स्वतःच. अर्धवट जागेपणी हात चेहऱ्याकडे जातो आणि मेंदू ती नोंद ठेवत नाही. ही बेपर्वाई नव्हे. कशाने तरी झोप मोडलेली असते आणि शरीर त्रासाची वस्तू दूर करते. म्हणून प्रश्न ‘का काढला?’ असा न विचारता ‘झोप कशाने मोडली?’ असा विचारावा लागतो. नेहमीची कारणे अशी.

हवेची गळती : कूस बदलली की मास्क सरकतो आणि डोळ्यांवर हवेचा झोत येतो. त्यावर पट्टे करकचून आवळले जातात. मग नाकाच्या हाडावर वळ उठतात आणि गळतीही थांबत नाही. मास्क यंत्र सुरू ठेवून, आडवे पडून बसवायचा असतो. हवा भरली की त्याची मऊ कड चेहऱ्यावर बसते. दाढी-मिशी, रात्री चेहऱ्याला लावलेले तेल किंवा क्रीम आणि झिजलेली सिलिकॉनची कड यांमुळेही गळती होते.

बंद नाक : हाडाचा वाक, ॲलर्जी, सर्दी यामुळे नाकातून हवा जात नसेल, तर तोंड उघडते आणि नाकातून आलेली हवा तोंडावाटे बाहेर पडते. सकाळी तोंड कोरडेठाक. अशा वेळी अनेकांना थेट नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दिला जातो. काहींना तो लागतोच, पण अभ्यासांत मोठ्या मास्कचा वापर कमी टिकतो आणि दाबही अनेकदा जास्त लागतो, असे दिसले आहे. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाचा इलाज करणे योग्य. तोंडाला स्वतःहून चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग टाळावा.

कोरडेपणा आणि पाणी : हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत नाक-घसा सुकतो. त्यासाठी यंत्रासोबत गरम होणारा ह्युमिडिफायर असतो. मात्र खोली थंड आणि नळी उघडी असली की हीच वाफ नळीत गार होऊन पाणी साचते. पहाटे गुळगुळ आवाज येतो, थेंब नाकावर पडतात. नळी पांघरुणाखाली घेणे, यंत्र गादीच्या पातळीच्या खाली ठेवणे, ओलाव्याची पातळी एका टप्प्याने उतरवणे किंवा गरम नळी वापरणे हे उपाय आहेत. कोकणातील दमट रात्री कदाचित ओलावा लागणारही नाही.

दाब : कमी दाबामुळे श्वास अडतच राहतो आणि जाग येते. जास्त दाबामुळे श्वास सोडणे जड वाटते किंवा हवा पोटात जाऊन पोट फुगते, ढेकर येतात. बहुतेक यंत्रांत हलक्या दाबाने सुरुवात करून हळूहळू वाढवणारी ‘रॅम्प’ सोय असते, तसेच श्वास सोडताना दाब उतरवण्याचीही. तीन वाजता जाग आली तेव्हा यंत्र पूर्ण दाबावर असते. ते एकदा बंद करून पुन्हा सुरू केले की रॅम्प बहुधा नव्याने सुरू होतो. हे कोणी सांगितलेच नसेल, तर रुग्ण जोराच्या हवेला कंटाळून मास्क बाजूला ठेवतो. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

लघवीला उठणे : उपचार न झालेल्या ओएसएमध्ये रात्री लघवीला जास्त वेळा उठावे लागते. परतल्यावर झोपेच्या गुंगीत पट्टे पुन्हा बांधण्याचा कंटाळा येतो. मास्क न काढता फक्त नळीची जोडणी सोडवून जाता येते. आल्यावर नळी जोडली की काम झाले.

घुसमट आणि भीती : तोंड-नाक झाकल्यावर गुदमरल्यासारखे वाटणे खरे असते. ‘सवय होईल’ एवढे सांगून ते जात नाही. अशांसाठी केवळ नाकपुड्यांशी बसणारे छोटे मास्क असतात आणि टप्प्याटप्प्याने सवयीची पद्धतही असते.

पहिल्या पंधरवड्यात काय करावे?

वापराचा पुढचा कल पहिल्या आठवड्याभरातच ठरू लागतो, असे अभ्यासांत दिसले आहे. यंत्र घरपोच आले, वीस मिनिटांत माहिती दिली गेली आणि पुढची भेट तीन महिन्यांनी, अशी व्यवस्था असेल, तर रुग्ण नेमक्या अडचणीच्या काळात एकटा पडतो. यंत्र घेतानाच आठवड्याभरात फेरतपासणी आणि मास्क बदलून देण्याची मुभा मिळते का, हे विचारून घ्यावे.

घुसमट होत असेल, तर आधी दिवसा जागेपणी, यंत्राशिवाय नुसता मास्क हाताने धरून चेहऱ्यावर ठेवावा. ते जमले की पट्टे बांधून टीव्ही पाहताना अर्धा तास. मग यंत्र सुरू करून. मग दुपारच्या वामकुक्षीला. त्यानंतर रात्री. प्रत्येक पायरीला एक-दोन दिवस लागले तरी हरकत नाही. रात्री जाग आल्यावर मास्क निघालेला दिसला, तर घड्याळ न पाहता पुन्हा लावावा. पहाटे साडेचारला लावलेला मास्कही सकाळपर्यंतची रेम झोप सांभाळतो.

झोप लागावी म्हणून मद्य किंवा मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या हा मार्ग धोक्याचा आहे. मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

यंत्रातील नोंदी काय सांगतात?

आजची बहुतेक यंत्रे प्रत्येक रात्रीचा हिशेब ठेवतात. वापर किती तास, गळती किती आणि यंत्र लावूनही तासाला किती वेळा श्वास अडला, हे पडद्यावर किंवा मोबाइल ॲपमध्ये दिसते. शेवटचा आकडा साधारणपणे पाचच्या खाली असावा. मास्क रोज तीनच्या सुमारास निघत असेल आणि त्याआधी गळती वाढलेली असेल, तर दोष मास्कचा. गळती नाही, पण श्वास अडण्याच्या घटना वाढल्या असतील, तर दाब तपासायला हवा. काही रुग्णांत सीपॅप सुरू केल्यावर मेंदूकडून श्वासाचा संकेतच मंदावल्याच्या घटना दिसतात. बहुतेकांत त्या काही आठवड्यांत कमी होतात. न झाल्यास वेगळ्या यंत्राचा विचार होतो. आकडे स्थिर असूनही मास्क निघत असेल, तर कारण कोरडेपणा, थंडी, आवाज किंवा भीती यांत शोधावे. डॉक्टरांकडे जाताना यंत्राचे कार्ड किंवा ॲपमधील नोंदी सोबत न्याव्यात. ‘होत नाही’ या एका वाक्यापेक्षा त्या कितीतरी उपयोगी पडतात.

घरातील अडचणींचे काय?

‘वीज गेली तर गुदमरेन’ ही भीती सर्रास आढळते. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये यंत्र थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडपही असते. बहुधा रुग्णाला जागच येते. भारनियमनाच्या भागात यंत्र इन्व्हर्टरवर चालते, पण ह्युमिडिफायर बरीच वीज खातो. बॅकअपवर असताना तो बंद ठेवावा. रेल्वेप्रवासात चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नये. त्यासाठी यंत्राची स्वतंत्र बॅटरी मिळते.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घालावे आणि ते रोज बदलावे. बोअरच्या पाण्याने क्षारांचा थर बसतो. मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवावी, नळी आठवड्यातून एकदा. धूळ जास्त असलेल्या गावात किंवा रस्त्यालगतच्या घरात फिल्टर लवकर काळा पडतो, तो वेळेवर बदलावा. ओझोन सोडून यंत्र स्वच्छ करणाऱ्या उपकरणांबाबत अमेरिकेच्या ‘एफडीए’ने इशारा दिलेला आहे.

आणखी एक अडचण बोलली जात नाही. एका खोलीत सगळे कुटुंब झोपते, तेथे मास्क लावण्याचा संकोच वाटतो. नव्याने लग्न झालेला तरुण, लेकीकडे राहायला गेलेली आजी, मित्रांसोबत सहलीला गेलेला गृहस्थ यंत्र घरीच ठेवतात. जोडीदाराने हसण्यावारी न नेता रात्री मास्क सरकलेला दिसला, तर हलकेच जागे केले, तरी वापर वाढतो. बहुतेकदा जोडीदाराची झोपही त्यामुळेच परत मिळते.

खर्च कोण देते?

यंत्र, ह्युमिडिफायर आणि मास्क मिळून खर्च हजारोंत जातो आणि मास्क, फिल्टर पुन:पुन्हा घ्यावे लागतात. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी घरी वापरायच्या सीपॅपचा खर्च देत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘सीजीएचएस’ योजनेत अटींसह भरपाईची तरतूद आहे. म्हणूनच आधी भाड्याने यंत्र घेऊन, दोन-तीन प्रकारचे मास्क वापरून पाहून मगच खरेदी करणे शहाणपणाचे. चुकीच्या मास्कमुळे कपाटात पडलेले यंत्र सर्वांत महाग पडते.

सीपॅप जमलेच नाही तर?

पर्याय आहेत, पण ते प्रत्येकाला लागू नाहीत. सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांवरचे साधन दंतवैद्य बनवून देतात. फक्त उताणे झोपल्यावर श्वास अडत असेल, तर कुशीवर झोपवणारे पट्टे उपयोगी पडतात. वजन घटवल्याने आजाराची तीव्रता कमी होते. ‘टिर्झेपटाइड’ या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ओएसए असलेल्या प्रौढांसाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचे असते. निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा जिभेच्या मज्जातंतूला चालना देणारे रोपण केले जाते. यांपैकी काहीही सुरू केल्यावर पुन्हा स्लीप स्टडी करून श्वास खरोखर अडायचा थांबला का, हे पाहावे लागते. केवळ घोरणे कमी झाले, म्हणजे आजार गेला असे नाही.

तोपर्यंत यंत्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. विशेषतः ट्रक, बस, रिक्षा किंवा मोटार चालवणाऱ्यांनी, दिवसा डुलकी येत असेल, तर गाडी हातात घेऊ नये आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. मास्क निघतो, हे सांगण्यात अनेकांना अपराधी वाटते, म्हणून ते ‘रोज लावतो’ असे सांगून मोकळे होतात. त्यामुळे डॉक्टर मास्क बदलत नाहीत, दाब तपासत नाहीत आणि त्रास पुढच्या भेटीपर्यंत तसाच राहतो. मास्क किती वाजता निघतो आणि त्या वेळी काय खुपत होते, एवढे सांगितले तरी उपचाराची पुढची पायरी ठरवता येते.